सुरूच्या झाडावरचे काळे काकाकुवे

गुरुवार

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवर साउथ कोस्टची गाडी पकडली आणि लेकीने सांगितल्याप्रमाणे डावी खिडकी धरली. सदरलँड मागे पडलं की बराच वेळ रॉयल नॅशनल पार्कचं रान सोबत असतं. १८७९ साली राखलेलं हे रान, निलगिरीच्या पांढुरक्या खोडांमधून वालुकाश्माचे कातळ डोकावतात. मग बोगदे सुरू होतात आणि स्टॅनवेल पार्कपाशी एकदम समुद्र येतो. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला पाणी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळ, रस्ता, घरं सगळं दाटीवाटीने. कायामाला विजेच्या तारा संपतात. तिथे उतरून डिझेलच्या छोट्या गाडीत बसायचं.

कायामाच्या पुढचा मुलूख चित्रकारांचा. गेरिंगाँगच्या गोलसर हिरव्या टेकड्या, त्यांवर चरणाऱ्या गाई, टेकड्यांच्या खोबणीतून दिसणारं पाणी. लॉइड रीस (१८९५–१९८८) यांचं इथे सुट्टीचं घर होतं आणि त्यांनी या टेकड्या पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्यांच्या चित्रांतली ती मऊ गोलाई गाडीच्या खिडकीतून जशीच्या तशी दिसते.

बोमाडेरी हे शेवटचं स्टेशन. विहीणबाई फलाटावर उभ्या होत्या. माझ्या लेकीच्या या सासूबाई. आम्ही एकमेकींना नावानेच हाक मारतो, पण इथे लिहिताना मी विहीणबाईच म्हणणार. सत्तरीच्या आहेत, मुद्राचित्रकार आहेत, लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरून छापतात. जन्म, बालपण, संसार सगळं जर्व्हिस बे या उपसागराच्या काठच्या हस्किसन गावात. मी रत्नागिरीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे आमचं पहिल्या भेटीपासून जमलं: त्या पक्षी दाखवतात आणि मी त्यांना त्याच्या पोटात काय चाललंय ते सांगते.

शेजारचं नाउरा गाव सोडल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला. कातरवेळी कांगारू रस्त्यावर येतात. अर्ध्या तासाच्या वाटेत रस्त्याकडेच्या गवतावर तीन ठिकाणी ते चरताना दिसले. राखाडी, मोठे. एका मादीच्या पिशवीतून पिल्लाचे लांबलचक पाय बाहेर लोंबत होते. विहीणबाईंनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. रोज दिसणाऱ्या जनावरासाठी कोणी गाडी थांबवत नाही. त्या थांबवतात.

शुक्रवार

पहाटे कुकाबरा पक्ष्यांनी उठवलं. एक सुरुवात करतो, मग शेजारच्या झाडावरचे दोघे-तिघे सूर मिळवतात आणि सगळी आळी दुमदुमते. विहीणबाई त्याआधीच उठून चहा पिऊन तयार होत्या. स्वयंपाकघरात भरती-ओहोटीचं वेळापत्रक टांगलेलं आहे आणि त्यांचा दिवस त्यावर चालतो. आज ओहोटी सकाळची, म्हणजे आधी खाडी आणि मग काम.

करांबीन नावाची ही खाडी गावाच्या कडेने उपसागराला मिळते. काठाला तिवरं. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर आधी काहीच दिसत नव्हतं. थोडा वेळ आम्ही नुसत्या उभ्या राहिलो. मग वाळू जागोजागी फुगू लागली आणि बघता बघता हजारो खेकडे वर आले. फिकट निळ्या रंगाचे, गोल अंगाचे, मोठ्या गोटीएवढे. यांना इथे सोल्जर क्रॅब म्हणतात. आपले खेकडे तिरके धावतात, हे मात्र सरळ पुढे चालतात, सगळे एका दिशेला. वाळू तोंडात घालून त्यातलं खाण्याजोगं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या मागे टाकत जातात. मी एक पाऊल पुढे टाकलं तशी जवळची रांग थबकली, अंगाला पीळ देत देत वाळूत शिरली आणि क्षणात वाळू पुन्हा सपाट.

विहीणबाईंचं लहानपण याच वाळूत गेलं. बाबा होड्या बांधायच्या कामावर सुतार होते. हस्किसन हे मुळी लाकडी जहाजं बांधणाऱ्यांचं गाव. सिडनी बंदरात १९७९ पर्यंत प्रवासी नेणारी ‘लेडी डेनमन’ ही फेरीबोट १९११ साली इथेच बांधली गेली, आणि आता ती परत येऊन गावातल्या संग्रहालयात विसावली आहे. त्यांचं घर सिमेंटच्या पातळ पत्र्यांचं, दोन खोल्यांचं. भावंडं अनवाणी शाळेत जात आणि येताना खाडीतून येत. बाबांच्या पेटीतली पटाशी घेऊन त्यांनी फळीच्या तुकड्यावर पहिला खेकडा कोरला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. बाबांनी तो तुकडा फेकला नाही. पटाशीला धार कशी लावायची ते शिकवलं.

ती पटाशी आजही त्यांच्या स्टुडिओत आहे. स्टुडिओ म्हणजे घरामागची गाडी ठेवायची खोली. एका बाजूला दाबयंत्र, वर कागद वाळत घालायच्या दोऱ्या, खिडकीपाशी कोरायचं टेबल. सध्या टेबलावर काळ्या काकाकुव्यांची एक जोडी आहे, सुरूच्या फांदीवर बसलेली. चार रंगांचं चित्र, आणि चारही रंग एकाच लिनोतून काढायचे. रीत अशी: जिथे कागद पांढरा राहायला हवा तेवढा भाग आधी कोरून काढायचा आणि सगळ्या प्रतींवर पहिला, सगळ्यांत फिका रंग छापायचा. मग जिथे तो फिका रंग राहायला हवा तो भाग कोरून टाकायचा आणि त्याच प्रतींवर दुसरा रंग छापायचा. असं करत गडद रंगापर्यंत जायचं. दर वेळी लिनो थोडा नाहीसा होतो. मागे जाता येत नाही, पहिल्या दिवशी जितके कागद छापले त्याहून जास्त प्रती कधीच निघणार नाहीत. पिवळा आणि लाल छापून झाले होते. आज त्या करड्या हिरव्यासाठी कोरत होत्या.

मला वाटलं होतं, चित्रकाराचा दिवस म्हणजे चित्र काढण्यात जात असेल. पाहिलं ते वेगळंच. तासभर कोरणं, मग हत्यारांना धार लावणं, मग बाहेर जाऊन झाडाखाली उभं राहणं. कागद मोजणं, शाईचा डबा उघडून वरची साय काढणं. जेवणानंतर एका दुकानाची मागणी, तिची पावती, पुठ्ठ्यात चित्र बांधून टपालात टाकणं. आणि या सगळ्यांत हात थांबले की डोळे लगेच खिडकीकडे.

खिडकीबाहेरही एक कलाकार राहतो. परसातल्या नेच्यांआड सॅटिन बॉवरबर्ड नावाच्या पक्ष्याने आपला मांडव घातला आहे. काटक्यांच्या दोन समांतर भिंती, मध्ये बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी निळ्या वस्तूंची मांडणी: पोपटाची निळी पिसं, बाटल्यांची झाकणं, पेनाचं टोपण, आणि विहीणबाईंच्या वाळणाच्या दोरीवरचे बहुतेक सगळे निळे चिमटे. हे घरटं नव्हे. घरटं मादी दुसरीकडे एकटी बांधते. हा मांडव फक्त तिला बोलावण्यासाठी. नर काळसर निळा, तुकतुकीत, जांभळ्या डोळ्यांचा. हा रंग त्याला सातव्या वर्षाच्या आसपास येतो, तोवर तो मादीसारखाच हिरवट असतो आणि थोरांचे मांडव पाहून शिकतो. तो भिंतींना रंगही देतो. झाडाचा भाग चोचीत चावून, लाळेत कालवून तो लगदा काटक्यांना आतून फासतो. विहीणबाई दुधाच्या बाटलीचं निळं कडं कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने कापतात, कारण अख्खं कडं पक्ष्याच्या मानेत अडकतं. सगळ्या गावाला त्यांनी ही सवय लावली आहे.

संध्याकाळी मी तिथे बसून राहिले. त्याने एक निळं झाकण उचललं, बोळाच्या डाव्या बाजूला ठेवलं, मागे सरून पाहिलं, पुन्हा उचललं.

शनिवार

आज बूदरी राष्ट्रीय उद्यान. उपसागराच्या दक्षिणेची ही जमीन १९९५ मध्ये रेक बे इथल्या आदिवासी समाजाला परत मिळाली आणि आता ते आणि सरकार मिळून उद्यान चालवतात. आतलं वनस्पती उद्यानही त्यांच्याच मालकीचं. वाटेवर बँक्सियाची झाडं फुलली होती. उभ्या कणसासारखी पिवळी फुलं, खाली जुन्या कणसांच्या लाकडी फळांना बंद ओठांसारख्या चिरा. वणव्याची धग लागली की या चिरा उघडतात आणि बी राखेत पडतं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं वर्गात सांगितली होती. आज ते फळ हातात होतं.

केप सेंट जॉर्जच्या कड्यावर दीपगृहाचे भग्न अवशेष आहेत. १८६० मध्ये ते बांधलं तेव्हा जागाच चुकली. उत्तरेकडून येणाऱ्या जहाजांना दिवा नीट दिसेना आणि ज्या कड्यांपासून वाचवायचं त्याच कड्यांवर जहाजं आपटत राहिली. शेवटी १८९९ मध्ये समोरच्या पॉइंट पर्पेंडिक्युलरवर नवं दीपगृह उभं राहिलं. जुन्या दीपगृहाच्या राखणदारांची कुटुंबं इथेच राहत, मुलं इथेच वाढत. १८८७ मध्ये एका राखणदाराच्या मुलीच्या हातातली बंदूक चुकून सुटली आणि दुसऱ्या राखणदाराची मुलगी गेली. त्या दोघी मैत्रिणी होत्या. चौथऱ्यावर उभं राहिलं की इतक्या एकाकी जागी दोन घरांनी त्यानंतर एकमेकांशेजारी दिवस कसे काढले असतील, याच विचाराने जीव कासावीस होतो.

विहीणबाईंनी बोट दाखवलं. दूरवर पाण्याचा फवारा. मग काळी पाठ, मग शेपटीचं पसरट पान वर येऊन सावकाश खाली गेलं. हंपबॅक व्हेल. वसंतात या माद्या उत्तरेच्या उबदार पाण्यातून पिल्लं घेऊन दक्षिण ध्रुवाकडे परततात, आणि जर्व्हिस बेच्या शांत पाण्यात विसाव्याला थांबतात. मादीच्या कुशीला पिल्लू होतं. त्याचा फवारा लहान आणि वरचेवर. आम्ही दुपारपर्यंत तिथेच बसलो आणि आणखी किती तरी फवारे पाहिले.

“माझ्या आईने हे कधी पाहिलं नाही,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी या कड्यावरून समुद्र रिकामा दिसे. वर उत्तरेला बायरन बे आणि टँगलूमा इथे व्हेल कापायची केंद्रं होती. ती १९६२ मध्ये बंद पडली, कारण मारायला व्हेलच उरल्या नव्हत्या. १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली तेव्हा या किनाऱ्यावरचे व्हेल काही शेकडेच राहिले होते. आज ते हजारोंच्या घरात आहेत आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. विहीणबाईंनी पहिली व्हेल पाहिली तेव्हा माझा जावई त्यांच्या कडेवर होता. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. घरी जाऊन त्यांनी तिला कागदावर काढून दाखवली. जगात सगळीकडे निसर्ग गेल्याचंच ऐकत आलेल्या मला, एखादी गोष्ट परत आली हे सांगणारी ही पहिलीच बाई भेटली.

खाली मरे बीचकडे गेलो. वाळू इतकी शुभ्र आणि बारीक की पायाखाली कुरकुरते. जवळच हायम्स बीच आहे, जिथे फोटोसाठी गर्दी लोटते. मला मरे बीच जास्त आवडला. इथे गाड्या ठेवायला जंगलात प्रचंड मोकळी सपाट जागा आहे, किनाऱ्याच्या मानाने फारच मोठी. ती अणुवीज केंद्राची. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाचं पहिलं अणुवीज केंद्र इथे होणार असं जाहीर झालं, झाडं तोडून जमीन सपाट केली, आणि १९७१ मध्ये योजना बारगळली. विहीणबाई तेव्हा शाळकरी होत्या. काहींना नोकऱ्या हव्या होत्या, काहींना खाडी हवी होती. जेवणाच्या टेबलावर बाबा आणि मामा यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि पुढे वर्षभर मामा घरी आले नाहीत.

परतताना त्यांनी व्हॉयेजरची गोष्ट सांगितली. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री नऊच्या सुमारास उपसागराबाहेर कवायत करताना ‘व्हॉयेजर’ ही युद्धनौका ‘मेलबर्न’ या विमानवाहू नौकेसमोर आली आणि तिचे दोन तुकडे झाले. ८२ जण गेले. वाचलेल्यांतल्या कितीतरी जणांना पलीकडच्या नौदल तळावर आणलं गेलं. विहीणबाई नऊ वर्षांच्या. रात्री उठल्या तेव्हा घरात दिवे लागलेले, आई कपाटातून घोंगड्या काढत होती आणि बोलत नव्हती. गावात आता त्या नौकेच्या नावाची बाग आहे. त्या बागेचं चित्र त्यांनी कधी कोरलं नाही. मी कारण विचारलं नाही.

रविवार

ऑक्टोबरचा पहिला रविवार, रात्री इथली घड्याळं एक तास पुढे सरकली. लवकर निघालो, कारण बंडानन दूर नाही पण शेवटचा रस्ता कच्चा आहे.

आर्थर बॉइड (१९२०–१९९९) हे ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या चित्रकारांपैकी एक. शोलहेवन नदीच्या वळणावरचं हे घर आणि भोवतालची जमीन त्यांनी आणि पत्नी इव्हॉन यांनी १९९३ मध्ये देशाला देऊन टाकली. घर १८६६ सालचं, दुमजली, वालुकाश्माचं. मेलबर्नजवळच्या मरमबीना इथल्या घरात बॉइड वाढले. वडील मेरिक कुंभारकाम करत, आई डोरिस चित्रं काढे, आणि आजी-आजोबाही चित्रकारच. वडिलांना फेफऱ्याचे झटके येत. १९२६ मध्ये त्यांची भट्टी आणि कार्यशाळा जळून खाक झाली, तेव्हा आर्थर सहा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, ते काकांच्या रंगांच्या कारखान्यात लागले, आणि सोळाव्या वर्षी समुद्रकाठच्या रोझबडला आजोबांकडे राहायला गेले. तिथे आजोबांशेजारी बसून त्यांनी किनारा रंगवला. बंडाननच्या घरातल्या भिंतींवर या सगळ्या पिढ्यांची कामं आहेत. मेरिकनी घडवलेल्या मडक्यांना झाडाच्या फांद्यांचे कान आहेत. ती मडकी मला बॉइडच्या मोठ्या चित्रांइतकीच आवडली.

स्टुडिओत रंगाच्या नळ्या, ब्रश, लडबडलेली टेबलं तशीच ठेवली आहेत. बॉइड पुष्कळदा ब्रश टाकून तळहाताने आणि बोटांनी रंग थापत. बाहेर नदीपलीकडे पल्पिट रॉक नावाचा उंच सुळका आहे. तो त्यांनी सकाळी, संध्याकाळी, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासकट इतक्यांदा रंगवला की स्टुडिओतून बाहेर येऊन खरा सुळका पाहिला तेव्हा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. कॅनबेरातल्या संसद भवनाच्या ग्रेट हॉलमध्ये जो प्रचंड विणकामाचा पडदा टांगला आहे, सुमारे २० मीटर रुंद आणि ९ मीटर उंच, तो त्यांच्या याच परिसरातल्या निलगिरीच्या चित्रावरून विणलेला आहे.

विहीणबाईंना बॉइडच्या चित्रांतल्या पुराणकथा आणि शोकांतिका फारशा भावत नाहीत. त्यांना या माणसाची एक गोष्ट मोठी वाटते: लंडनला दहा-बारा वर्षं राहून, नाव मिळवून, पन्नाशीत तो एका नदीच्या वळणापाशी आला आणि तेवढ्यानेच त्याचं पोट भरलं.

दुपारी कलून गेल्यावर घरासमोरच्या कुरणात व्हॉम्बॅट चरायला निघाले. बिळात राहणारे, पोटाला पिशवी असलेले प्राणी, ठेंगणे, रुंद, दाट तपकिरी केसांचे. गवत कुरतडल्याचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ. एकाच्या अंगावरचे केस जागोजागी गेलेले होते. खरुज. गोचिडीच्या वर्गातल्या एका सूक्ष्म जिवामुळे होणारा हा रोग व्हॉम्बॅटना हाल हाल करून मारतो. स्वयंसेवक त्यांच्या बिळाच्या तोंडाशी झुलतं झाकण लावतात आणि त्यावर औषधाची डबी. व्हॉम्बॅट आत-बाहेर करताना औषध पाठीवर सांडतं. व्हॉम्बॅटची विष्ठा चौकोनी का, हे मी विहीणबाईंना समजावलं: आतड्याच्या भिंती सगळीकडे सारख्या ताणत नाहीत, काही भाग ताठ आणि काही लवचीक, त्यामुळे वाळत आलेल्या मळाला कडा पडतात. त्यांनी वहीत आतड्याचा छेद माझ्याकडून काढून घेतला.

बंडाननच्याच जमिनीवर रिव्हर्सडेलला २०२२ मध्ये उघडलेलं कलासंग्रहालय अर्धं डोंगराच्या पोटात आहे. कारण सांगायला फार लांब जावं लागत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात लागलेला करोवन वणवा ७४ दिवस जळत होता आणि सुमारे पाच लाख हेक्टर जंगल त्याने खाल्लं. बंडाननची चित्रं जानेवारीत गाड्यांमध्ये घालून हलवावी लागली होती.

सोमवार

रात्रभर वारा आणि पाऊस. सकाळी किनाऱ्यावर समुद्राने शेवाळाचे ढीग टाकले होते. त्यांत पोर्ट जॅक्सन शार्कची अंडी सापडली: गडद तपकिरी, चामड्यासारखी, स्क्रूसारखे आटे असलेली. मादी अंडं तोंडात धरून खडकाच्या फटीत बसवते. आट्यांमुळे ते लाटेने निघत नाही, आणि आत पिल्लू दहा-अकरा महिने वाढतं. हा शार्क माणसाला काही करत नाही. टास्मानियाच्या दिशेने शेकडो किलोमीटर जाऊन तो दर वर्षी अंडी घालायला याच खडकांशी परत येतो. लहानपणी विहीणबाई आणि त्यांचे भाऊ ही रिकामी अंडी भोवऱ्यासारखी फिरवत.

दुपारी उघडीप झाली आणि मी ज्याची वाट पाहत होते तिकडे निघालो. गावाबाहेर सुरूची झाडं आहेत. कोकणात किनारा धरून ठेवायला लावलेली सुरूची बनं मी जन्मभर पाहिली, त्याच कुळातली ही झाडं, पण इथली मूळची. विहीणबाई म्हणाल्या, पक्षी शोधू नकोस, कान दे. झाडाखाली उभं राहिल्यावर ऐकू आलं: कट, कट, आणि बारीक तुकडे पानांवर पडल्याची टपटप. वर चमकदार काळ्या काकाकुव्यांची जोडी होती. नर डाव्या पायात फळ धरून चोचीने सोलत होता. मादीच्या डोक्यावर पिवळे ठिपके, शेपटी पसरली की लाल पट्टा. खाली चावलेल्या फळांचा सडा.

हा पक्षी जवळजवळ केवळ सुरूच्या बियांवर जगतो. एका विणीला एकच अंडं, तेही म्हाताऱ्या निलगिरीच्या ढोलीत. वणव्यात सुरू जळाले, ढोलीची झाडंही गेली, आणि २०२२ मध्ये आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या या काकाकुव्याची धोक्यातल्या जातींत नोंद झाली. सुरूच्या रोपाला फळं धरायला बरीच वर्षं लागतात. विहीणबाई आणि त्यांच्या मैत्रिणी वणव्यानंतरच्या पहिल्या पावसापासून रोपं लावत आहेत. ज्यांच्या फळांवर काकाकुवे बसतील ती झाडं पाहायला आपण असू की नाही, याचा त्या हिशोब करत नाहीत. आम्ही जवळजवळ अंधार होईपर्यंत तिथे होतो. उडताना दोघं सोबत गेली, एक हाक आणि लगेच दुसरी.

मंगळवार

काळा रंग छापायचा दिवस. सकाळपासून त्या कमी बोलत होत्या. काचेवर शाई घेऊन रोलर फिरवत राहिल्या, रोलरचा आवाज बारीक चरचर व्हायला लागला तेव्हा थांबल्या. लिनोवर आता फार थोडं उरलं होतं: दोन पक्षी, फांदीची सावली, सुईसारख्या डहाळ्यांच्या कडा. कागद कडेच्या खुणांना बरोब्बर भिडवायचा, यंत्राचं चाक फिरवायचं, कागद एका कोपऱ्यातून उचलायचा. पहिला कागद उचलला आणि पक्षी आले. तोवर नुसते लाल-पिवळे डाग होते, काळ्याने त्यांना अंग दिलं. मी कागद धरायला आणि दोरीला लावायला मदत केली. तीन प्रतींवर रंग किंचित सरकला होता, त्या बाजूला ठेवल्या. बाकीच्यांवर त्या वाळल्यावर पेन्सिलने क्रमांक आणि सही घालतील.

नराने फळ डाव्या पायातच धरलेलं आहे, हे मी छापून झाल्यावर पाहिलं. लिनोवर ते उजव्या पायात होतं, कारण छापताना सगळं उलटतं. हे काकाकुवे बहुतेक डावखुरे असतात, आणि त्यांनी ते पहिल्या रेषेपासून लक्षात ठेवलं होतं.

तेलाच्या शाईला वाळायला आठवडा तरी लागतो, म्हणून माझी प्रत टपालाने येईल. स्टेशनवर पोचवताना त्या पुढच्या चित्राचं बोलत होत्या. रत्नागिरीच्या सुरूचं फळ त्यांना इथल्या फळाशेजारी कोरायचं आहे. मी म्हटलं, पुढच्या खेपेला घेऊन येते. “आणू नकोस, विमानतळावर काढून घेतील, आणि बरोबरच आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “काढून पाठव. वरून, बाजूने आणि एक उघडलेलं. शेजारी मोजपट्टी ठेव.”